टीव्हीतली फरशी आणि घाटावरचा कावळा

माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टीव्हीतल्या फरश्या उलट्या करणे.

लोकांच्या नशिबी शेवटी काय काय चांगलं येतं. कुणी काशीला जाऊन येतं, कुणी पोथी ऐकतं. आम्ही दोघं म्हातारे बाजेवर बसून टीव्हीकडं बघून ओरडत होतो, "पळ की मुडद्या!" (हे ती ओरडत होती. मी घरात कधी शिवी दिली नाही. माझ्या वाट्याला एकही शिल्लकच राहत नव्हती.)

मी फरशी मिस्त्री. नांदेडात म्हणा, नायगावात म्हणा, विष्णुपुरीच्या कॉलेजाच्या बाजूला म्हणा, जिथं तुम्ही पाय ठेवाल तिथं खाली माझा हात लागलेला असण्याची शक्यता आहे. शाळा चौथीपर्यंत. पुढं मास्तरला माझी गरज वाटली नाही आणि मला मास्तरची. तेव्हा लिहिण्यात काना-मात्रा घसरली तर सांभाळून घ्या, फरशी घसरली तर मात्र मला बोलवा.

तर तो गेम. आमचा बालाजी शाळेत होता तेव्हा त्याच्यासाठी आणलेला, टीव्हीला जोडायचा. बालाजी मोठा झाला, पुण्याला नोकरीला गेला, गेम माळ्यावर गेला. एका दिवाळीला माळा झाडताना सुलोचनाला तो सापडला. मी म्हणलं भंगारात दे. तिनं तो पदरानं पुसला आणि थेट लतीफभाईच्या दुकानात नेला. लतीफभाई म्हणजे आमचा शेजारी, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला. त्यानं वायर बदलली, कॅसेटीत फुंकर मारली आणि म्हणला, "भाभी, ये तो अभी जवान हाय!"

गेम असा. पडद्यावर एक खोली, खोलीत चौकोनी निळ्या फरश्या. एक टोपीवाला बुटका माणूस. तो ज्या फरशीवर पाय देईल ती फटकन उलटते आणि पिवळी होते. सगळ्या पिवळ्या झाल्या की दार उघडतं, पुढची खोली. पण पिवळ्या फरशीवर चुकून पुन्हा पाय पडला की ती परत निळी! आणि हे कमी म्हणून खोलीत हिरवी भुतं हिंडतात, ती बुटक्याला खाऊन टाकतात.

मी पहिल्याच दिवशी म्हणलं, "हे कोण्या गाढवाचं काम हाय? पाय दिला की फरशी उलटती? खाली सिमेंटचा माल भरलाच न्हाई त्यानं!"

"तुम्ही गप बसा मिस्त्री," ती म्हणली. "हितं तुमचं चालत न्हाई."

आणि खरंच चालत नव्हतं. तिचं मात्र असं चालायचं की बघत राहावं. औशाकडची पोर, सगळा जन्म भुईमुगाच्या शेंगा फोडलेल्या, अंगठा असा तयार झालेला की बुटका नुसता पळायचा. संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की टीव्ही लावायचा, वरणाच्या कुकरची शिट्टी होईपर्यंत खेळायचं. माझं काम एकच. तिच्या मागं बसायचं आणि भूत दिसलं की ओरडायचं, "मागून आलं!"

रोज ती शेवटच्या खोलीपर्यंत जायची आणि रोज तिथंच बुटका मरायचा. मग ती त्याला शिव्या द्यायची, मला द्यायची, आणि वरण वाढायची.

त्या संध्याकाळी काय झालं कुणास ठाऊक, शेवटच्या खोलीत ती अशी पळाली की भुतं बावरली. एक बाजू पिवळी झाली, दुसरी झाली. मी ओरडायचं विसरलो. कुकरनं शिट्टी दिली, तिनं ऐकली नाही. एकच फरशी राहिली. कोपऱ्यातली. एकच!

आणि लाईट गेली.

अंधारात ती म्हणली, "अवो."

"काय?"

"उद्या बघते त्याला."

सकाळी ती चहा ठेवायला उठली. गॅसपाशी खाली बसली, ती बसलीच.

त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. पुढचं सांगतो.

दहाव्या दिवशी आम्ही गोदावरीच्या घाटावर गेलो. विष्णुपुरी धरणाचं पाणी सोडलेलं, निम्म्या पायऱ्या पाण्यात. बालाजीनं डोकं केलेलं, बाजूला सून मीना, मीनाची आई, म्हणजे लातूरच्या आमच्या विहीणबाई, वरच्या पायरीवर टोपी काढून हातात धरलेला लतीफभाई, आणि भावकीतले चारजण. गुरुजींनी पिंड मांडला. आम्ही मागं सरकलो आणि सगळ्यांनी कडुलिंबाच्या झाडाकडं बघितलं.

झाडावर कावळे होते. चांगले भरपूर होते. पण एकही हलेना.

नांदेडातला कावळा म्हणजे एरवी काय जिन्नस! माणसाच्या हातातलं भजं उचलून नेतो. आणि त्या दिवशी सगळे असे बसलेले की जणू त्यांनाच सुतक आहे.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "एकेकानं शब्द द्या."

बालाजी पुढं झाला. हात जोडले. "आई, बाबांना मी पुण्याला नेतो. एकटं ठेवत नाही."

कावळ्यांनी तोंडं फिरवली. (मी मनात म्हणलं, शहाणी! मला पुण्याला धाडतील म्हणूनच थांबली ही.)

मीना म्हणाली, "आई, तुमची तुळस मी वाळू देणार नाही."

काही नाही. एका कावळ्यानं चोच फांदीला पुसली.

मग विहीणबाई. विहीणबाई म्हणजे आवाज असा की लातुरात बोलल्या तर औशात दार उघडावं. "विहीणबाई!" त्या झाडाकडं बघून कडाडल्या, "लग्नात मानपानाचं काही बाकी राहिलं आसंल तर आता सोडून द्या हो! लई वर्षं झाली!"

दोन कावळे उडून पलीकडच्या झाडावर गेले.

तेवढ्यात वरच्या पायरीवरून लतीफभाई घसा खाकरून बोलला, "भाभी, तुमचा मिक्सर माझ्या दुकानात पडून हाय. कसम से, आजच आणून देतो."

एक कावळा एक फांदी खाली आला!

सगळ्यांनी लतीफभाईकडं आदरानं बघितलं. पण कावळा तिथंच थांबला. म्हणजे मिक्सर कबूल, पण मुद्दा मिक्सरचा नाही.

ऊन चढलं. भावकीतल्यांनी आपापल्या परीनं शब्द दिले, कुणी गाय दान देतो म्हणलं, कुणी तंबाखू सोडतो म्हणलं. (तंबाखूवर तर कावळाही हसला असेल.) गुरुजींनी घड्याळ बघितलं. "दर्भाचा कावळा करू का? मला पुढं आणखी एक दशक्रिया आहे."

दर्भाचा कावळा म्हणजे गवताची जुडी करून ती पिंडाला शिववायची आणि कावळा शिवला असं मानून घरी जायचं. मला ते पटेना. सुलोचनाला कधी नकली माल चालला नाही. भाजीवाल्याला ती मेथीची अख्खी जुडी सोडायला लावायची. तिला गवताचा कावळा दाखवून वाटेला लावायचं?

"बाबा, तुम्ही बोला," बालाजी म्हणाला.

"काय बोलू? तिला काय पाहिजे ते तिनं कधी सांगितलंच न्हाई. काय नको तेवढंच सांगितलं."

"व्याही, आठवून बघा!" विहीणबाई म्हणाल्या. "जीव टांगलाय तिचा!"

मी आठवलं. साडी? घेतली होती. नातेवाईक? सगळे नको होते. देवधर्म? रोजच्या रोज उरकायची. आणि एकदम अंधारातलं ते आठवलं. उद्या बघते त्याला.

आता सांगा, भावकीपुढं, गुरुजींपुढं, लातूरच्या विहिणीपुढं, भर घाटावर म्हातारा माणूस गेमचं नाव कसं काढणार? माझे कान तापले. पण गुरुजी गवत निवडायला लागले होते. मी पिंडाजवळ गेलो. तिचं नाव मी उखाण्यात एकदा घेतलेलं, त्यानंतर आयुष्यभर 'अगं'वर भागवलेलं. जीभ वळेना.

"सुलोचना," मी म्हणलं, "ती शेवटची खोली मी पुरी करतो. मी सोता. माझ्या हातानं."

शप्पथ सांगतो, शब्द तोंडातून निघाला आणि तो फांदीवरला कावळा बाण सुटल्यासारखा आला, पिंडावर टप्पकन बसला आणि खायला लागला. मागून आणखी चार आले. बालाजी ढसाढसा रडला. गुरुजींनी गवत खाली टाकलं. मी पायरीवर बसलो.

विहीणबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "कोणची खोली वो? बांधकाम काढलं होतं का?"

भावकीतला एकजण म्हणाला, "गच्चीवरची आसंल. मिस्त्री माणूस, किती दिवस लागतात?"

मी घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर उघडावंच लागलं, कारण एकजण खरंच गच्ची बघून खाली आला आणि विटा कुठं उतरवायच्या विचारायला लागला.

मी सगळं सांगितलं.

"टीव्हीतली खोली?" विहीणबाई म्हणाल्या.

"हाव."

"भुतांची?"

"हिरवी हायत. लहान लहान."

बालाजी डोळे पुसत पुढं आला. "बाबा, मी करतो. लहानपणी मी पूर्ण केला होता हा गेम. अर्ध्या तासाचं काम आहे."

"अजिबात न्हाई!" विहीणबाईंनी हात आडवा केला. "शब्द कुणी दिला? व्याह्यांनी. 'माझ्या हातानं' म्हणले. कावळ्यानं ऐकलंय ते. दुसऱ्याचा हात लागला तर बिचारी पुन्हा लटकायची!"

"पण मम्मी, सुतकात टीव्ही?" मीना म्हणाली.

विहीणबाईंनी विचार केला. घरातला धर्म आता त्यांच्याच हातात होता. "दहावा झालाय," त्या म्हणाल्या. "आन् हे काय सिनेमा बघणं न्हाई. हे कार्य हाय. लावा!"

लतीफभाई मिक्सर घेऊन आलाच होता. त्यानं वायरी जोडल्या, कॅसेटीत फुंकर मारली. त्या जुन्या टीव्हीचं आवाजाचं बटण कधीच तुटून पडलेलं, त्यामुळं सुतकाच्या घरात एकदम मोठ्यानं सुरू झालं, टिंग टिटिंग टिंग टिटिंग! मी बाजेवर तिच्या जागेवर बसलो. माझ्या मागं, माझ्या जागेवर, अख्खं घर बसलं.

पहिली खोली. आता माझी अडचण समजून घ्या. फरशी बसवली की तिच्यावर पाय द्यायचा नाही. ओल्या मालावर पाय दिला की फरशी दबली, लेव्हल गेली. हे माझ्या हाडात बसलंय. माझ्या साईटवर ताज्या फरशीवर पाय ठेवला म्हणून मी घरमालकालासुद्धा बोललेलो आहे. त्यामुळं बुटक्यानं एकेक फरशी पिवळी केली, मी त्याला मागं मागं नेला, आणि शेवटी तो कोपऱ्यात उभा राहिला. सगळीकडं माझी ताजी पिवळी फरशी. पलीकडं दोन निळ्या बाकी.

"बाबा, जा की!" बालाजी ओरडला. "पिवळीवरून जा, परत येताना पिवळी कर!"

"वाळू दे जरा," मी म्हणलं.

"काय?"

भूत आलं आणि बुटका खाल्ला.

"वाळायला काय सिमेंट हाय का ते!" विहीणबाई कपाळ बडवून म्हणाल्या. "पुन्हा लावा!"

पुन्हा लावला. पुन्हा कोपरा. पुन्हा माझा अंगठा हलेना. मनाला सांगत होतो की ही फरशी नाही, हा उजेड आहे. पण हात ऐकतच नव्हता. लतीफभाईनं माझे खांदे दाबले. "मिस्त्री, नक्को सोचो. आपल्या दुश्मनाचं घर समजून चाला."

हे जमलं! मी एका ठेकेदाराचं घर डोळ्यापुढं आणलं आणि बिनधास्त तुडवत गेलो. पहिली खोली पार! घरात टाळ्या पडल्या. दुसऱ्या खोलीला त्याच्या भावाचं घर समजलो. तीही पार! विहीणबाईंनी मला तिथल्या तिथं साखर दिली. मी तिसऱ्या खोलीत पाय ठेवला.

आणि दारात रिक्षा थांबली. नायगावची आत्या.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण, डोळ्यानं अधू, पण रडण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिला सुलोचनाची बातमी मिळाली तेव्हा ती आजारी होती, म्हणून दहाव्याला आली. उंबऱ्यातूनच तिनं सूर लावला, "आगं माझ्या सोन्या गंऽऽ, मला न भेटता कशी गेलीस गंऽऽ!"

टिंग टिटिंग टिंग टिटिंग.

मला उठता येईना. गेम थांबवायचं बटण असतं म्हणतात, ते सुलोचनाला माहीत होतं. हातातला रिमोट खाली ठेवला तर बुटका मेला, आणि शब्दाचं काय? मी पडद्याकडं बघतच म्हणलं, "या आत्या, बसा."

आत्या माझ्या गळ्यात पडली. माझं डोकं छातीशी धरलं. मला एका डोळ्यानं दिसत होतं. "लेकरा माझ्या, एकटा पडलास रंऽऽ! आता तुझ्याकडं कोण बघंल रंऽऽ! चार घास कोण..." आणि मध्येच तिचा सूर तुटला. ती टीव्हीकडं बघत होती. म्हातारीनं मान पुढं काढली, डोळे बारीक केले.

"आरं मागून आलं की रं!" आत्या किंचाळली.

"कुठून?"

"मागून! हिरवं! पळ की, मुडद्या!"

मी दचकलो, अंगठा भलतीकडं गेला, बुटका सरळ भुताच्या तोंडात!

घरातले सगळे एकदम "आरारारा!" म्हणाले. गल्लीतली माणसं बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिली. त्यांना वाटलं मलाही काही झालं. आणि मला खरंच झालं होतं. त्या दहा दिवसांत मी रडलो नव्हतो. घाटावर नाही, कुठं नाही. आता रडू आलं, आणि त्याच वेळी हसू आलं, आणि दोन्ही एकत्र आल्यावर जो आवाज निघतो तो ऐकून लतीफभाई पाणी आणायला पळाला.

आत्या माझ्या शेजारी बाजेवर बसली. पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग तिचे. "सुलोचना हेच खेळायची का रं?"

"हाव. रोज."

"मग बरोबर हाय," आत्या म्हणाली. "लाव पुन्हा."

पुन्हा लावला. रात्रीची जेवणं झाली, पुन्हा लावला. बालाजी सारखा पुढं सरकायचा, विहीणबाई त्याला मागं ओढायच्या. आत्या ओरडायची, लतीफभाई खांदे दाबायचा. सगळ्या नांदेडच्या ठेकेदारांची घरं तुडवून झाली, दुश्मन संपले. तिसरी खोली काही पार झाली नाही.

झोपायच्या वेळेला विहीणबाई आल्या. आवाज जरा खाली केलेला, म्हणजे फक्त गल्लीला ऐकू जाईल इतका. "व्याही, वाईट वाटून घेऊ नका. पण बाईचा जीव आता तुमच्या अंगठ्यात अडकलाय."

त्यावर झोप कशाची येते?

सकाळी घर निजलेलं असताना मी उठलो. गॅस पेटवला. (कोणतं बटण कुठल्या शेगडीचं, हे मला त्या दिवशी कळलं.) भात केला. पानावर घेतला आणि घाटावर गेलो. पाणी थोडं उतरलं होतं. लिंबाच्या झाडावर ते बसलेलेच होते. कालचा कोणता ते मला ओळखू येईना, म्हणून सगळ्यांनाच उद्देशून बोललो.

"अगं," मी म्हणलं, "खोटं बोलत न्हाई. तिसऱ्या खोलीत हाय. पुढं लई खोल्या हायत. शब्द मोडत न्हाई, पण मुदत वाढवून दे. पोरगा पुण्याला चल म्हणून राहिला, त्याला सांगतो, काम अर्धवट टाकून मिस्त्री साईट सोडत न्हाई. हितंच राहतो. रोज संध्याकाळी बसतो. तू घाई करू नको."

भात पायरीवर ठेवला आणि मागं सरलो. लगेच एक कावळा आला. कालच्यासारखाच, सरळ. मला केवढा आनंद झाला! त्यानं एक घास उचलला. मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं. मग तो घास तिथंच टाकला, चोच दगडाला घासून घासून पुसली आणि उडून गेला.

मी जाऊन दाणा बोटानं दाबून बघितला. मधे टणक होता.

मुदत मिळाली का नाही ते कळलं नाही, पण भात कच्चा राहिलाय हे सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही!